कचरा म्हणू नगा, पावणं

परमेश्वराने जगात टाकाऊ असं काही केलेलंच नाही, यावर आमच्या थोरल्या साडूंचा इतका विश्वास आहे की बाजारकुणंग या गावी त्यांच्या घरी केळं खाल्लं की साल हातात धरून परवानगीची वाट बघावी लागते. मी एकदा ती कुंपणापलीकडे भिरकावली, तर ते स्वतः झुडपात उतरून घेऊन आले. "पावणं, कचरा म्हणू नगा. कच्चा माल म्हणा."

हा कच्चा माल पक्का होताना मी अनेकदा हजर होतो आणि अजून जिवंत आहे. फणसाच्या आठळ्या भाजून, दळून त्यांनी कॉफी केली. ती प्रथम पाजली जंगलखात्याच्या एका गार्डला. तो भला माणूस हल्ली दुसऱ्या वाटेने गस्त घालतो. काजूच्या बोंडांचं सरबत माळ्यावर ठेवलं, तर भर दुपारी बाटल्या एकामागून एक फुटल्या आणि शेजाऱ्यांना वाटलं, कुणी शिकारी शिरलाय. भाताच्या तुसात शेण कालवून केलेल्या जळणाच्या विटांचा असा धूर झाला की आढ्याचं मधमाश्यांचं पोळंच उठलं. साडू खूश! "माश्या घालवायचं औषध घावलं की वो!" अपयशसुद्धा हा माणूस टाकून देत नाही.

मग त्यांना सुपारीची झाडं दिसली. गळून पडलेल्या झावळीच्या बुडाशी रुंद, चिवट विरी असते. ती भिजवून साच्यात दाबली की ताट होतं. त्यासाठी त्यांनी बेळगावहून यंत्र आणलं, तेही बायकोची एक म्हैस विकून. त्यांची बायको म्हणजे माझी मेहुणी, अक्का. ती उरलेल्या म्हशीची धार काढायला गेली. पण गावातल्या बायकांनी साडूंवर विश्वास ठेवला, ही खरी पंचाईत. फजिती एकट्या साडूंची असली की मी सुखाने हसायचो; बायका डोक्यावरून विऱ्यांचे भारे आणायला लागल्या आणि माझं हसू आटलं.

एका लग्नाची ताटं ठरली. ती अंगणात उन्हात वाळत घातली होती. उरलेली म्हैस दावं तोडून आली आणि तिने निम्मी ताटं चवीने खाल्ली. बायका उरलेली ताटं गोळा करायला धावल्या.

"बघितलासा?" साडू म्हणाले. "आमच्या मालाला गिऱ्हाईक हाय!"

कुणी हसलं नाही. अक्काने पदर खोचला. "व्हा बाजूला. घरची कामं टाकून केल्यात त्यांनी ही ताटं." त्या यंत्राला कधी बोट न लावलेली अक्का त्यावर बसली, बायका विऱ्या भिजवत राहिल्या आणि ताटं मुहूर्ताआधी मांडवात पोचली.

तेव्हापासून कारखाना बायकांचा झाला. कातरणसुद्धा त्या वैरण म्हणून विकतात. साडू सुधारणा सुचवत राहिले: ताटं चौकोनी करा, हळदीने रंगवा. शेवटी बायकांनी मायेनेच सांगितलं, "दादा, काम चालू असताना आत येऊ नगा."

परवा गेलो, तर साडू पडवीत बसले होते. शेडमधून यंत्राचा आवाज येत होता.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"छ्या! मी नसताना चालतंय, म्हंजे चाललं म्हणायचं."

तेवढ्यात आत सगळ्या बायका एकदम खळखळून हसल्या. साडूंनी मान वळवली.

"काय झालं असंल वो आत?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? आम्ही दोघं बराच वेळ तिकडे कान लावून बसलो.