आईचा तोल का गेला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, अनघालाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळत.

आईचा कॅन्सर पसरला होता. आपण बरे होणार नाही, हे तिला माहीत होतं. पुण्याहून आमच्याकडे नोएडाला आली तेव्हा डॉक्टरांकडे तिने एकच मागितलं — शेवटपर्यंत बाथरूमला आपल्या पायांनी जाता आलं पाहिजे. त्यांनी फिजिओथेरपिस्ट पाठवली. खुर्चीतून उठणं-बसणं, हात धरून पॅसेजमध्ये चालणं. आणि खाणं थोडं थोडं, पण दर वेळी प्रोटीन हवंच. जन्मभर शाकाहारी असलेली माझी आई नाक मुरडत उकडलेलं अंडं खायला लागली! पायांत जोर येतोय, म्हणायची. एकदा तर लिफ्टपर्यंत गेली. "माताजी, कमाल कर दी आपने," फिजिओ म्हणाली, तर लाजली.

मग तो दिवस. अनघा ऑफिसात, मी घरून काम करत होतो. आईने हाक मारली, "निखिल, जरा हात दे रे, बाथरूमला जायचंय." एकटीने उठायचं नाही, असं आम्हीच तिला बजावलेलं. मी कॉलवर होतो. महत्त्वाचा? नाही हो. नुसता ऐकत बसलो होतो. तिने पुन्हा हाक मारली. मला ऐकू आली — आणि मी हेडफोन कानांवर घट्ट बसवले.

ती पडली.

हाड मोडलं नाही, पण मुका मार जबर होता. संध्याकाळी अनघाने विचारलं, "आई, कशा पडलात?" प्रश्न तिला होता, उत्तर मी दिलं. "व्यायामाने थकली होती. चक्कर आली." इतकं पटकन कसं सुचलं मला? आईने माझ्याकडे पाहिलं. आता बोलणार, मला वाटलं.

"हो गं," ती म्हणाली. "चक्करच आली."

अनघाने घाबरून फिजिओला नको सांगितलं. मी अडवलं नाही. कसा अडवणार होतो? आई अंड्याची बशी परत पाठवायला लागली. "आता कशाला?" म्हणायची. बघता बघता पाय गेले. डायपर आले. मी ते बदलायचो तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. जाईपर्यंत तिने त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही नाही.

मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्या आंटी आल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांना तोच आजार. डॉक्टर व्यायाम करा म्हणतायत, काय करू, म्हणून विचारायला. अनघा कळवळून म्हणाली, "बिल्कुल मत करवाइए, आंटी. मेरी सास उसी से गिरी थीं."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं — खरं का, अशा नजरेने.

मी हो म्हणून मान हलवली.

अंकल आता अंथरुणावरच असतात.