धुऱ्यापलीकडचा भाकरतुकडा

माझी धाकटी जाऊ चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

आमची दोन घरं वावरातच, जऊळक्याच्या रस्त्याला. मधे एक धुरा, म्हणजे शेताचा बांध. धुऱ्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं दीर-जाऊ. धुऱ्यावर एक बोरीचं झाड आहे, त्याची बोरंसुद्धा तिकडंच जास्त पडतात. पूर्वी मालेगावच्या बाजाराला आम्ही दोघी एकाच ऑटोत जायचो, एकाच दुकानातून सारख्या साड्या घ्यायचो. तेव्हा मला तिचा हेवा वाटायचं काही कारण नव्हतं. मग माझे दीर शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यावर इटलीला जाऊन आले, आणि घात झाला.

तिकडं ते एका म्हातारीच्या शेतावर उतरले होते. दगडी घर, अंगणात कोंबड्या, चहूकडं जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं. शहरातली माणसं तिथं पैसे देऊन राहायला येतात आणि वर जैतुनाची फळंही तोडू लागतात. दीर आल्यावर कितीतरी दिवस हेच सांगत होते. "आपल्याकडे तूर सोंगायले मजूर भेटत नाही वहिनी, अन् तिकडे लोकं पैसे देऊन वेचनी करून राह्यले." ती म्हातारी दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तेलात बुडवलेला पावाचा तुकडा ठेवायची, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे हसलो. जाऊ हसली नाही. तिचं डोकं तेव्हाच चालू झालं असणार.

वर्षभरात पलीकडं पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. भिंती सिमेंटच्या, वरून शेणामातीचा गिलावा. आत गिझर, कमोड, एसी. फाटकावर पाटी, 'चुलीवरचं जेवण'. चुलीवर तर मीही जन्मभर रांधते, पण माझ्या दारात पाटी नाही म्हणून तो नुसता धूर. शनिवारी पुण्या-नागपूरच्या गाड्या येऊ लागल्या. पाहुण्यांना बैलगाडीत फिरवायचं तर जावेकडं ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. म्हणून बैल आमचे नेतात आणि गाडी माझा नवरा हाकतो. घरी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस तिथं बैलांच्या खोड्या रंगवून सांगतो आणि पाहुणे खदखदून हसतात. मी धुऱ्यावरून ऐकलं आहे. मला त्यानं एकही खोडी कधी सांगितलेली नाही.

तरी हे सगळं मी गिळलं. गिळता आला नाही तो भाकरतुकडा.

घरचं माणूस बाहेरगावाहून आलं की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून बाजूला टाकायचा, पायांवर तांब्यातलं पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं. वाटेत काही नजर-बाधा लागली असेल तर ती बाहेरच राहते. जाऊ नवरी होऊन आली तेव्हा तिच्यावरून मीच ओवाळलं होतं. मोठी म्हणून तो मान माझा होता. आता तीच जाऊ फाटकात उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या कुणाच्याही वरून ओवाळते. पाहुणे फोटो काढतात. काही जण म्हणतात, पुन्हा एकदा करा, नीट आला नाही. ती पुन्हा ओवाळते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा मी तिला विचारलंच.

"कोनाच्याबी वरून कायले ओवाळतं वो? घरची मानसं हायत काय ते?"

"थे बुढी नाही काय देत पावाचा तुकडा, तसंच," ती म्हणाली. "बरं वाटते बाई त्याईले."

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचा फोन आला. ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीला तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आता येईलच असं धरून मी तिच्या पलंगावरचे सोयाबीनचे कट्टे हलवले होते, नवी चादर घातली होती.

"आई, मी शुक्रवारी येऊन राह्यली. संग ऑफिसातल्या तिघी हायत. काकूकडे रूम बुक केल्या."

"त्याईच्या केल्या. अन् तू?"

"मी बी त्याईच्यासंगच राहतो ना. एकट्या कशा सोडू त्याईले?"

मी बरं म्हटलं. आमच्या घरात चौघींना जागा नाही, हे खरं. संडास अंगणाच्या टोकाला, हेही खरं. पण माझी पोर माझ्या दारापासून धुऱ्याच्या अंतरावर पैसे भरून झोपणार, आणि तेही त्या बाईकडं, जिला मी ओवाळून या घरात घेतलं. हेव्यानं पोटात दुखतं म्हणतात, ते मला बोलायची रीत वाटायची. खरोखर दुखतं.

मग मीच मनाची समजूत काढली. झोपू दे तिकडं, आधी तर माझ्याच दारात येईल. शुक्रवारी दुपारी ताजी भाकर केली, तुकडा तोडून हातात घेतला, तांब्या भरला आणि दारात उभी राहिले. मालेगावकडून लाल गाडी आली. आमच्या वळणाशी हळू झाली, आणि पुढं जाऊन पलीकडच्या फाटकात वळली. जाऊ तिथं भाकर घेऊन तयारच होती. चौघी ओळीनं उभ्या राहिल्या. जावेनं सगळ्यांवरून सारखंच ओवाळलं. माझ्या मुलीनं फोटोसाठी मान वाकडी केली.

एकदा ओवाळून घेतलेल्या माणसावरून पुन्हा ओवाळत नाहीत. तुकडा मी भाकरीवर ठेवला, भाकर टोपल्यात टाकली आणि तांब्यातलं पाणी मोगऱ्याला घातलं.

संध्याकाळी ती मैत्रिणींना घेऊन आली. त्यांना घर दाखवलं, बैल दाखवले. मैत्रिणी म्हणाल्या, किती छान, इथं सगळं खरंखुरं आहे. मग राहा की इथंच, असं तोंडावर आलं होतं. चहा पिऊन चौघी निघाल्या, कारण पलीकडं गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत होता. जेवताना त्या हसत होत्या, आणि त्यात माझ्या पोरीचं हसू मला वेगळं ओळखू येत होतं. मी न जेवताच पडले.

सकाळी चुलीपाशी बसले होते तर ती आली. एकटीच. पाय दवानं ओले होते, म्हणजे धुऱ्यावरूनच आली होती. लहानपणच्या सवयीनं आल्या-आल्या तिनं टोपलं उघडलं.

"शिळी भाकर हाय काय वो आई? काकूकडे सकाळी ब्रेड देतात."

भाकर तिच्या हातात आली, वर तो तोडलेला तुकडा. ती बघत राहिली.

"हा कोनं तोडला?"

"कोन तोडन?" मी लाकूड पुढं सारलं. "तू येनार व्हती ना काल."

तिनं भाकर माझ्या मांडीवर ठेवली, उठली, आणि उंबऱ्याबाहेर जाऊन माझ्याकडं तोंड करून उभी राहिली.

"आत ये," मी म्हटलं. "झालं ना काल ओवाळून. दोनदा नसते ओवाळत."

"थे पाहुन्याईचं व्हतं," ती म्हणाली. "मी घरी कुठं आली अजून?"

मला रडू आलं, पण ते मी नंतरसाठी ठेवलं. तांब्या घेतला, तुकडा घेतला, बाहेर आले. ओवाळायला लागले तर पलीकडं जाऊ अंगण झाडत होती. तिनं झाडू थांबवला आणि इकडं पाहू लागली. मधे बोरीची फांदी येत होती. मी पोरीचा खांदा धरून तिला जरा डावीकडं सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बस ना आई," पोरगी म्हणाली. "पानी टाक आता."

"थांब," मी म्हटलं. "तिले नीट दिसू दे."