कसबा बावड्याहून थेट प्रक्षेपण

कसबा बावड्यात साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर शिवांजलीचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. छोटीशी खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, जो थोपटल्याशिवाय चालत नाही. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. घरात ती कानडी बोलते, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि सरकारी वेबसाइटशी जे बोलते ते इथं छापता येणार नाही. नऊ वर्षांत तिनं अर्ध्या बावड्याचे दाखले काढून दिलेत. लोक तिला ताई म्हणतात आणि सर्व्हर बंद पडला की तिच्यावरच डाफरतात. दिल्लीची वायर तिच्या टेबलाखालूनच जाते अशी सगळ्यांची समजूत आहे.

त्या दिवशी तिच्याकडं अकरा पोरींचे नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज होते. शेवटची तारीख तीच, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. दाखले आदल्या दिवशी हातात पडले होते, म्हणून सकाळी उठून भरायला बसली, तर नेट गायब. कोल्हापूर शहरात कुणीतरी कसलंतरी स्टेटस ठेवलं होतं, त्यावरून दगडफेक झाली होती, आणि अफवा पसरू नयेत म्हणून अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद केलं होतं. नेट बंद झाल्यावर अफवा पायी फिरू लागल्या आणि दुपारपर्यंत दुप्पट झाल्या, ते सोडा.

अशा वेळी काय करायचं हे कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक, आणि तिथं नेट असतं. शिवांजलीनं अकरा फायली पिशवीत भरल्या, लॅपटॉप घेतला आणि स्कूटीला किक मारणार तेवढ्यात दारात सरकारी गाडी येऊन थांबली.

आपल्या सरकारला इंटरनेटच्या स्वातंत्र्याचा फार कळवळा. विशेषतः परदेशातल्या. युरोपात कुठंतरी मोठी परिषद भरली होती आणि नेट बंद करणाऱ्या देशांचा निषेध करणारा ठराव आपलंच शिष्टमंडळ मांडणार होतं. ठरावाआधी एका खेड्यातल्या बाईनं पडद्यावर थेट येऊन मुक्त इंटरनेटनं आपलं आयुष्य कसं पालटलं ते सांगायचं आणि एक अर्ज भरून दाखवायचा होता. बाई महिन्याभरापूर्वीच निवडलेली. ती म्हणजे शिवांजली.

गाडीतून उतरलेले विजयसिंह साहेब या कार्यक्रमाचे स्थानिक अधिकारी. शिवांजलीला वाटलं, नेट बंद म्हणजे कार्यक्रमही बंद. साहेबांनी तिची कीव केल्यासारखं हसून सांगितलं की दिल्लीचा कार्यक्रम असा बंद होत नसतो. नाक्यापलीकडं निपाणीत लॉजवर खोली घेतली आहे, खास लाइन आहे, चला. अर्जांचं काय, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाले, कार्यक्रम चारला, वीस मिनिटांत मोकळ्या, मग त्याच लाइनवर अकरा काय, एकवीस भरा.

तिची चूक झाली ती इथं. स्कूटीवरून ती एक वाजेपर्यंत निपाणीत पोचली असती, दोन तासांत कामं उरकून चहा पिऊन परत आली असती. पण एसी गाडी, वर सरकारी लाइन. नऊ वर्षं सरकारच्या वेबसाइटशी भांडलेली बाई सरकारच्या शब्दाला भुलली.

लॉजच्या खोलीत शिरली तर समोर तिचंच दुकान! प्रिंटर, काउंटर, वर बसवेश्वरांची तसबीर, सगळं जिथल्या तिथं. साहेबांनी मागच्या महिन्यात दुकानाचे फोटो काढून नेले होते, त्याचा भिंतभर फ्लेक्स मारला होता. कोल्हापूरच्या माणसाला कुठल्याही अडचणीवर फ्लेक्स हा उपाय सुचतो, तो असा. पंख्याच्या वाऱ्यानं दुकान हलत होतं, म्हणून ड्रायव्हरला एक कोपरा धरून बसवलं.

मग तालमी सुरू झाल्या. मोबाइल काढून घेतला, मध्येच वाजायला नको म्हणून. पिशवी गाडीत राहिली. तालमीच्या मधल्या वेळात दोन अर्ज भरते म्हणाली, तर लाइन राखीव आहे. मग प्रात्यक्षिकात तरी खऱ्या पोरीचा अर्ज भरू द्या, म्हणाली. त्यावर साहेब गंभीर झाले. नागरिकांची खाजगी माहिती अशी परक्यांसमोर उघडी करता येत नाही. सरकारला खाजगीपणाचा असा उमाळा आलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. नमुन्याचा खोटा अर्ज भरायचा ठरलं.

लिहून दिलेलं पहिलं वाक्य होतं, "मी कसबा बावड्यातल्या माझ्या केंद्रातून बोलतेय." ते वाचून ती थांबली.

"साहेब, हे खोटं हाय की."

"ताई, मागं दुकान कुणाचं दिसतंय? तुमचंच न्हवं? मग?" साहेब म्हणाले. "एवढं वाक्य म्हणा, लाइन तुमची."

चारची वेळ होती, पण परदेशातली भाषणं लांबली. आपले मंत्री तर रंगातच आले. नागरिकाचं इंटरनेट तोडणं म्हणजे त्याचा गळा दाबणं, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या. शिवांजली घड्याळाकडं बघत होती. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. पावणेपाचला कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि तिनं वाक्य म्हटलं. अडखळली नाही. अकरा पोरींसाठी म्हटलं, असं ती नंतर स्वतःला समजावत राहिली. खोटा अर्ज दोन मिनिटांत भरला गेला. तिकडं सगळं सभागृह उभं राहिलं.

गाडीतून फायली आणेपर्यंत लाइनवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली होती. कार्यक्रम संपला, लाइन संपली. तिनं मोबाइल परत मागितला, त्यावर नेट जोडलं, पहिल्या अर्जाचा फोटो चढवायला लागली आणि पाच वाजले. पान आपोआप बंद झालं. साहेबांनी तिला चहा मागवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. नेट बंद असल्याचं कारण लिहून मुदतवाढ मागा, सरकार असल्या बाबतीत समजूतदार असतं, असं ते म्हणाले.

तिनं अकरा पोरींच्या सह्या घेऊन अर्ज केला. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याचं नेट आलं, पंधराव्या दिवशी उत्तर. त्या तारखेस कसबा बावडा येथील इंटरनेट सेवा सुरळीत असल्याचं केंद्रचालिकेनं आंतरराष्ट्रीय परिषदेत केलेल्या थेट प्रात्यक्षिकावरून सिद्ध होतं, सबब मुदतवाढीची विनंती अमान्य. पुरावा म्हणून व्हिडिओची लिंकही जोडली होती.

ती लिंक दिवस मावळायच्या आत बावडाभर फिरली. संध्याकाळी अनुजाला घेऊन तिची आई चिमणाबाई दुकानात आली. अकरांत सगळ्यात जास्त मार्क अनुजाला होते. चिमणाबाईनं आधी मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला, मग प्रिंटर, मग भिंतीवरची तसबीर. सगळं तंतोतंत जुळत होतं. शिवांजली निपाणीचं सांगायला लागली. लॉज, फ्लेक्स, कोपरा धरून बसलेला ड्रायव्हर. आपल्याच तोंडून ऐकताना तिला ते थापेसारखं वाटू लागलं.

चिमणाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"तुज्या दुकानात नेट चालू हुतं, हे सगळ्या दुनियेनं बघितलंय," ती म्हणाली. "मग माज्या पोरीचा फारम भरायला तुला काय झालतं?"