डबल बेल

आमच्या शेजारच्या बाई पांढरकवड्याच्या एसटीवर कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी कुणाच्याही घरात शिरताना "सरका पुढं" म्हणतात, आणि काम फत्ते झालं की टेबलावर दोनदा टकटक करतात, गाडी सोडायला डबल बेल द्यावी तशी.

माझ्या नातीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. वायफाय सुरू होतं, पण अर्जाचं पान काही केल्या उघडेना. पोर रडकुंडीला आली. बाईंनी येऊन मला खुर्चीवरून उठवलं.

"काकाजी, नेट चालू हाय. साइटचा पत्ता सांगनारा झोपून राह्यला. त्याले डीएनएस म्हनते. आपन दुसऱ्याले विचारू."

"आणि बिघडलं तर?"

"मंग माह्या नावानं बोंबला!"

सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी दुसऱ्या सेवेचे आकडे टाकले. पान उघडलं, अर्ज गेला. टकटक!

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला, तेव्हा मात्र "मीच जमवलं" असं मी सांगून बसलो. ते खोटं मला पुढे नातीचं शिक्षण पुरं होईपर्यंत सतत टोचत राहिलं.

परवा नात पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आली. मुलगा, सून, शेजारी सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि खरं काय ते सांगून टाकलं.

बाई खो खो हसल्या. "मी तं त्याच दिवशी अख्ख्या गल्लीले सांगतलं! तुमच्या पोराले बी. तुम्ही कवा कबूल करता, तेच पाहून राह्यलो होतो."

आणि पेढ्यांच्या डब्याशेजारी त्यांनी दणक्यात डबल बेल दिली.