साहेबाच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल

माझे वडील नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. साहेब येत गेले, बदलून जात गेले. गाडी मात्र शेवटपर्यंत एकच राहिली, पांढरी अँबॅसेडर. बाबा निवृत्त झाले आणि मागोमाग गाडीही लिलावात निघाली. ती त्यांनी घेतली. घरी आणली त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, मागचं दार उघडलं आणि साहेब जिथं बसायचे तिथं, डाव्या बाजूला, टेकून बसले. तेव्हापासून गाडी मी चालवतो.

मी तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवतो. त्यामुळे घरात गाडीबद्दल माझं कुणी ऐकत नाही.

पुढे पेट्रोलचं इंजिन थकलं. आमच्या उस्तादांनी, म्हणजे देगलूर नाक्याकडच्या मेकॅनिकनी, त्याच्या जागी एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. बाहेरून साहेब, आतून जीप. बसवतानाच त्यांनी बजावलं होतं, "सर, इंजन पैलवान बसवलाय, पण मागचा अ‍ॅक्सल अजून कारकूनच हाय."

मी तेच बाबांना सांगितलं, की मागच्या चाकांना फिरवणारा तो आडवा भाग ह्या इंजिनाचा जोर सोसणार नाही. ते म्हणाले, "एवढे साहेब वाहिले त्यानं. एक इंजिन न्हाई वाहणार?"

उमरीला भाचीचा साखरपुडा होता. जाताना रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. फाटक उघडलं, मी क्लच सोडला आणि खालून काहीतरी कडकन मोडलं. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, आणि आम्ही जागच्या जागी.

"चल की," मागून बाबा म्हणाले.

"जात न्हाई, बाबा."

"कामून?"

"मागं काहीतरी तुटलंय."

"मागं मी बसलोय. मला तर काहीच न्हाई झालं."

शेवटी सोयाबीनची पोती उतरवून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरनं आम्हाला दोरीनं ओढत नांदेडला आणलं. साखरपुडा आमच्याशिवाय झाला. बाबांना ट्रॅक्टरवाल्यानं शेजारी बसायला सांगितलं होतं. ते गाडीतून उतरले नाहीत. वाटेत बघणाऱ्यांकडे ते मान हलवून बघत होते, जणू ट्रॅक्टर हा सरकारी बंदोबस्तच आहे.

उस्तादांनी गाडी खोलली. चाकाकडे जाणारा दांडा तुटला होता, आणि दोन चाकांच्या मधला जो लोखंडी गोळा असतो त्यातले दातही झिजून गेले होते. दुरुस्तीत अर्थ नव्हता. अख्खा मागचा अ‍ॅक्सलच बदलायचा होता.

उस्तादांकडे जीपचा अ‍ॅक्सल पडून होता. "इंजन जीपका, अ‍ॅक्सलबी जीपका. भांडणच न्हाई," ते म्हणाले. मी टेप लावून मापलं. तो दोन्ही बाजूंनी चार चार बोटं जास्त रुंद होता. चाकं मडगार्डच्या बाहेर आली असती. शिवाय जीपचा अ‍ॅक्सल ओढायला जोरदार पण पळायला जड. साठच्या वर गेलं की इंजिन बोंबलायला लागलं असतं. हे मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात बाबांनी गाडीकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "चाकं बाहेर? धोतर सुटल्यावानी दिसंल." जीपचा अ‍ॅक्सल त्या एका वाक्यात बाद झाला. माझं गणित कुणी ऐकलंच नाही.

मग धर्माबादहून निरोप आला, की एकाकडे अगदी ह्याच मॉडेलचा जुना अ‍ॅक्सल आहे. बाबांचा चेहरा उजळला. मी म्हणालो, "बाबा, तुटलेला जसा होता तसाच तो. तोही तुटेल."

"तुटू दे. पण अस्सल हाय."

माझं मत लातूरच्या एका भंगारवाल्याकडे पडलेल्या अ‍ॅक्सलवर होतं. मॉडेल हेच, पण नंतरच्या काळातलं, कंपनीतूनच डिझेल इंजिन लावलेलं. रुंदी तीच, दांडे जाड, आणि चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला कमी फिरावं लागणार. म्हणजे पैलवानाला दम लागणार नाही. अडचण एकच होती. तो टॅक्सीचा होता.

हे ऐकून बाबा जेवता जेवता थांबले. "टॅक्सीचा? कुणीबी हात केला की थांबायचं, कुणीबी बसायचं, त्या गाडीचा?"

ज्या माणसाला तीस-पस्तीस वर्षं त्या गाडीच्या मागच्या सीटवर कुणी बसू दिलं नव्हतं, तो हे बोलत होता. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला फोन केला. भंगारवाल्याला विनंती केली, की वडील आले तर अ‍ॅक्सल मोठ्या साहेबाच्या गाडीचा आहे असं सांगा. तो म्हणाला, "सांगतो की. माझं काय जातंय?"

बाबांना मी सांगितलं, की टॅक्सीचं मी चुकीचं ऐकलं होतं, आणि रविवारी आम्ही एसटीनं लातूरला गेलो. दुकानाच्या मागच्या अंगणात अ‍ॅक्सल विटांवर ठेवला होता. भंगारवाल्यानं ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मामा, कलेक्टरच्या गाडीचा हाय. लई जपून वापरलेला."

बाबा खाली बसले. मला दोन्ही चाकांच्या बाजू एकदम फिरवायला लावल्या आणि स्वतः मधल्या गोळ्याला कान लावला. ब्रेकच्या झिजलेल्या डब्यांवरून अंगठा फिरवला. मग उठले, हात पुसले आणि भंगारवाल्याला म्हणाले, "कलेक्टर लई फिरतीवर असत होते वाटतं."

"हाव, हाव," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"दिवसातून पाचशे वेळा ब्रेक मारत होते. कुणीबी हात केला की थांबत असतील."

भंगारवाला हसू दाबायला आत गेला. मी अ‍ॅक्सलकडे बघत राहिलो. बाबा म्हणाले, "बघतोस काय? हे न्यायला गाडी सांग. साहेबाच्या दारात नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाडीच्या अ‍ॅक्सलपेक्षा हे बरं. एवढं चालूनबी गोळ्यात खडखड न्हाई."

"मग धर्माबादचा?"

"त्यो अस्सल हाय, पण म्हातारा हाय. एक म्हातारा बस झाला गाडीत."

पिकअपमधून अ‍ॅक्सल नांदेडला आणला. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे अ‍ॅक्सलला धरून. उस्तादांनी तो बसवला. ब्रेकची नळी थोडी वळवावी लागली, बाकी सगळं जागेवर बसलं. कुठून आणला, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "लातूरच्या कलेक्टरच्या गाडीचा हाय." उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्रेकची नळी तपासायला खाली वाकलो.

भाचीच्या मंगल परिणयाला आम्ही त्याच गाडीनं उमरीला गेलो. विहारासमोर गाडी लागली आणि पाहुणे भोवती जमले. बाबांनी प्रत्येकाला कलेक्टरची गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना तो कलेक्टर प्रामाणिक होता, चौथ्यांदा त्याची बदली राजकारणातून झाली होती. नवरीच्या चुलत सासऱ्यांनी तर त्याला ओळखलंसुद्धा. "माझं काम त्यांनीच केलं होतं," ते म्हणाले, आणि बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मी गाडी साठवर नेली. इंजिन शांत होतं, मागून घरघर नाही, धक्का नाही. तंत्रनिकेतनातल्या फळ्यावर काढलेलं गणित पहिल्यांदाच रस्त्यावर खरं ठरलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. आरशात बघितलं. बाबा ताठ बसून कान देऊन काहीतरी ऐकत होते.

"कशी वाटते, बाबा?"

"थांबव."

"काय झालं?"

"काहीच ऐकू येईना. आधी मागून कसा घों घों आवाज यायचा, गाडी चालून राहिली हे कळायचं. उतर, खाली वाकून बघ."

मी गाडी बाजूला घेतली, लग्नाच्या कपड्यांत डांबरी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकले आणि खाली बघितलं. तेलाचा थेंब नव्हता. सगळं कोरडं, स्वच्छ, जागच्या जागी होतं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"नीट बघ," बाबा काच खाली करून म्हणाले. "टॅक्सीचा हाय त्यो."