खिळ्याची कावीळ

डोळे पिवळे झाले की आमच्या घरात डॉक्टरला नाही, माझ्या नणंदेला विचारतात. ती आंबिवलीला राहते. माझे डोळे पिवळे दिसले आणि फोन गेला, त्याच दिवशी ती बाळकुमला आमच्याकडे आली आणि पिशवीतून काविळीची माळ काढून माझ्या डोक्यात घातली. झाडाच्या बारीक काड्या, दोऱ्यात गुंफलेल्या. कावीळ उतरते तशी माळ लांबत जाते म्हणे. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू.

खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरने कॅप्सूल दिल्या होत्या, त्या चालूच होत्या. त्यांचं कुणी नाव काढलं नाही.

माळ कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. घरात आनंद. मला मात्र मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. लघवी कोऱ्या चहासारखी. माझ्या नवऱ्यालाही मागे कावीळ झाली होती, पण त्याचे तळहात पांढरे पडले नव्हते. माझे खडूसारखे झाले होते.

"वन्सं, मला दम लागतोय."

"माळ बघ कुठवर आली! सोंगं पुरेत."

"आई, आत्या सांगते ते ऐक ना," मुलगा म्हणाला. जो मोठ्याने बोलेल त्याच्या बाजूने तो. लहानपणापासून असाच.

एका सकाळी आंघोळीआधी माळ खिळ्याला अडकवली. आंघोळीनंतर चक्कर आली, सुनेने खाटेवर निजवलं. माळ तिथेच राहिली. सकाळी ती दिव्याच्या बटणाच्या वर होती, संध्याकाळी बटणाच्या खाली लोंबत होती. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, एवढीच ती विद्या. खिळ्याला कुठे कावीळ झाली होती?

मुलाला म्हटलं, "रिक्षा आण, नाहीतर तिरडी आण."

ठाण्याच्या इस्पितळात एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने माझी खालची पापणी ओढून पाहिली, लघवीचा रंग विचारला, औषधं विचारली. तपासण्या झाल्यावर म्हणाली, "आजी, लिव्हर ठीक आहे. तुमचं शरीर तुमचंच रक्त फोडतंय. बहुतेक या कॅप्सूलमुळे." कॅप्सूल तिथेच बंद केल्या, स्टिरॉइड चालू केलं. रक्त चढवायचं, तर माझं रक्त दुसऱ्याच्या रक्तावरही उठायचं, गट तोच असून कुठलीच बाटली जुळेना.

नणंद दारातून म्हणाली, "हिचं माणसांशी जुळलं नाही, बाटलीशी काय जुळणार!"

"वाट बघत बसलो तर हृदय टिकणार नाही," असं सांगून डॉक्टरीणबाईने त्यातल्या त्यात बरी बाटली निवडली आणि हळूहळू चढवली. नर्स शेजारून हलली नाही. मी जगले.

घरी आल्यावर नणंद पुन्हा आली. "माळ अर्ध्यात काढलीस, म्हणून इस्पितळ बघावं लागलं." पिशवीतून नवी माळ काढली.

"त्या खिळ्याला घाला, वन्सं," मी म्हटलं. "त्याला गुण येतो."

तेव्हापासून ती आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही. माझी काही हरकत नाही.