अर्जावर न केलेली सही

मैत्रिणींनो, आज मला सकाळपासून हेवा वाटतोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

मी अग्निशमन केंद्रात नोकरीला आहे. बारा वर्षांपूर्वी शिडी चढून, पाण्याचे पाइप ओढून ट्रेनिंग पास झाले. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "तुमचा आवाज छान आहे, तुम्ही फोनवर बसा." मला ते कौतुक वाटलं. अजून फोनवरच आहे.

गेल्या वर्षी पाच नव्या मुली आल्या. त्यांनाही फोनच दिला. पाचजणींनी मिळून अर्ज केला, की पुरुषांसारखं आम्हालाही गाडीवर पाठवा. सही मागायला माझ्याकडे आल्या होत्या. "माझं काही अडलेलं नाही," मी म्हणाले.

आज हजेरीला त्यांची नावं गाडीवर लागली. दहाच्या सुमारास मार्केट यार्डातलं बारदानाचं गोदाम पेटल्याचा फोन आला. फोन मी घेतला, घंटाही मीच वाजवली. गाडी गेली, मी खुर्चीतच.

दुपारी त्या परतल्या. त्यांच्यातली धाकटी अश्विनी आत आली, तोंडभर काजळी. "ताई, वायरलेसवर तुम्ही यार्डाच्या मागच्या गेटने जा म्हणालात म्हणून वेळेत पोचलो."

"बरं," म्हटलं. मला ती काजळी बघवत नव्हती.

आता त्यांचा दुसरा अर्ज फिरतोय, कपडे बदलायला वेगळी खोली हवी म्हणून. या वेळी सही मागायला माझ्याकडे कुणी आलं नाही.

आपणहून जाऊन तो कागद मागू का?